संगणकावरील बिलात बेरीज चुकते तेव्हा

दुकानाचा हिशेब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ठेवणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंना एक अडचण हमखास येते. नग आणि दर भरले तरी रकमेच्या चौकटीत आकड्याऐवजी 'हॅश नेम' किंवा 'हॅश एरर' अशी अक्षरे उमटतात. त्यांचा अर्थ समजून घेतला तर दुरुस्ती घरच्या घरी होते.

'हॅश नेम' म्हणजे सूत्रातील नाव संगणकाला सापडत नाही. सूत्र =[नग]*[दर] असे हवे. सुरुवातीचे बरोबरचे चिन्ह राहिले किंवा टेबलमधील फील्डचे नाव नंतर बदलले, की हा संदेश येतो. प्रॉपर्टी शीट उघडून 'कंट्रोल सोर्स'मधील स्पेलिंग ताडून पाहावे.

'हॅश एरर' येण्याचे एक नेहमीचे कारण असे, की ज्या चौकटीत सूत्र लिहिले तिचेच नाव 'दर' असते आणि सूत्रातही [दर] असतो. मग चौकट स्वतःलाच विचारत बसते. तिला 'बिलरक्कम' असे वेगळे नाव द्यावे. दुसरे कारण फॉर्मच्या तळाच्या बेरजेत असते. तेथे सम या फंक्शनला चौकटीचे नाव चालत नाही; =Sum([नग]*[दर]) असे मूळ फील्डवरूनच लिहावे लागते.

मात्र खरा धोका संदेश न देणाऱ्या चुकीचा आहे. समजा, बिलात 5 ओळी आहेत, प्रत्येकी 40 नग, दर 125 रुपये. एकूण 25,000 रुपये व्हायला हवेत. एका ओळीत दर भरायचा राहिला, तर ती रक्कम कोरी राहते आणि बेरीज ती ओळ गुपचूप सोडून 20,000 दाखवते. 5,000 रुपयांचा माल फुकट जातो आणि पडद्यावर तक्रार काहीच नसते.

कोऱ्या जागी शून्य धरणारे 'एनझेड' हे फंक्शन अनेकजण यावर सुचवतात. सूट किंवा हमाली यांसाठी ते योग्य आहे, कारण ती खरोखरच शून्य असू शकते. दराला ते लावू नये. न भरलेला दर म्हणजे शून्य दर नव्हे. त्यासाठी टेबलमध्ये 'दर' आणि 'नग' या फील्डना 'रिक्वायर्ड : येस' करावे. मग आकडा भरल्याशिवाय ओळ साठवलीच जात नाही.

फॉर्म वापरात आणण्यापूर्वी हाताने केलेली दोन-चार जुनी बिले त्यात भरून रकमा जुळवून पाहाव्यात, अशी आमची सूचना आहे. त्यांतील एका बिलात एक दर मुद्दाम कोरा सोडावा. संगणकाने तो अडवला, तरच फॉर्म विश्वासाचा समजावा.