बढतीचे सादरीकरण आणि स्टॉकिस्टकडची शिल्लक

औषधकंपनीतील वैद्यकीय प्रतिनिधीला एरिया मॅनेजरच्या हुद्द्यावर बढती मिळावी म्हणून वरिष्ठांपुढे जे सादरीकरण करावे लागते, त्यात कंपनीने स्टॉकिस्टला विकलेल्या मालाचे, म्हणजे प्रायमरीचे, आकडे बहुधा मोठ्या दिमाखाने मांडले जातात. परंतु मार्चअखेरीस उद्दिष्टपूर्तीसाठी स्टॉकिस्टच्या गोदामात माल कसा कोंबला जातो, हे समोरच्या अनुभवी मंडळींना पुरते ठाऊक असल्यामुळे त्यांची नजर केमिस्टांपर्यंत पोहोचलेल्या मालाच्या, म्हणजे सेकंडरीच्या, तपशिलावरच खिळते. आरंभीची शिल्लक अधिक आवक, वजा अखेरची शिल्लक, हा सेकंडरीचा ब्रँडवार हिशेब, मुदतबाह्य मालाच्या परताव्यासह, सर्वप्रथम मांडावा. रंगीत आलेख (त्यांचा सोस मला अनाठायीच वाटतो) मागाहून यावेत. आणि नव्या हुद्द्यावर हाताखालच्या प्रतिनिधींसमवेत दौरे करावयाचे असल्याने, एखाद्या नवख्या सहकाऱ्याला आपण कसे तयार केले, तेही अवश्य सांगावे.