जुना पिकअप उभा करताना

वऱ्हाडातल्या शेतकरी घरी उभी असलेली जुनी मालवाहू गाडी बहुधा तीनपैकी एक असते: महिंद्राची जीप किंवा तिच्याच चेसिसवर हौदा चढवलेला पिकअप, बजाज टेम्पोची मॅटॅडोर, नाहीतर टाटा २०७. महिंद्राने १९४७ मध्ये विलिस जीप जुळवायला सुरुवात केली आणि १९६५ पासून हलकी मालवाहू वाहने काढली. आधीच्या जीपांना पेट्रोलचे हरिकेन इंजिन असे. ऐंशीच्या दशकात पूजोच्या परवान्यावरचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले आणि खेड्यापाड्यांत तेच रुजले. मॅटॅडोर पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. ती बनणे केव्हाच थांबले, आणि बजाज टेम्पो ही कंपनीही २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. दर्यापूरचा कापूस जिनिंगवर नेणे असो की वरूड-मोर्शीची संत्री बाजारात पोचवणे असो, दोन पिढ्या याच गाड्यांनी ओढल्या. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याला यांत जीप सगळ्यांत सोपी. तिचे सुटे भाग अजून मिळतात, रचना उघडी असते आणि बहुतेक कामे साध्या पान्यांनी होतात. मॅटॅडोरला हात घालण्यापूर्वी गिअरबॉक्सचे आणि पुढच्या अॅक्सलचे भाग कुठे मिळतील याची खात्री करून घ्यावी, कारण कित्येक मॅटॅडोर तिथेच अडून पडल्या आहेत.

पाना हातात घेण्याआधी कागद पाहावेत. गाडी अजून आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नाहीत, अशी कित्येक घरांची स्थिती असते. अशा वेळी वारसाने मृत्यूचा दाखला, वारसाचे शपथपत्र आणि नमुना ३१ चा अर्ज आरटीओत द्यावा लागतो. नियमाप्रमाणे हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला असेल तर दंड भरून पुढे जाता येते. एमएच-२७ किंवा एमएच-३० हे क्रमांक येण्याआधीच्या, तीन अक्षरी क्रमांकाच्या गाड्यांची नोंद अनेकदा संगणकावर चढलेलीच नसते. ती आधी चढवून घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. दिल्लीत दहा वर्षे झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तशी महाराष्ट्रात नाही. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असेल आणि आरसी बुकात ते चढलेले नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल ठरतो. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे, पण ती खासगी गाड्यांसाठी आहे आणि त्यावर भाडे मारता येत नाही.

कागद जागेवर असतील तर पाहायचे ते जंग. या भागात त्याची गोष्ट निराळी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या बाजूला खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूजल खारे, मातीही खारवट. पावसाळ्यात काळी माती चेसिसच्या कोपऱ्यांत, कमानीच्या हँगरवर आणि हौद्याच्या खालच्या अंगाला थापली जाते आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. त्यातच गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतली की लोखंडाला मीठ आणि ओल दोन्ही एकदमच मिळतात. म्हणून वरून साबूत दिसणारा पिकअप खालून पोखरलेला निघतो. चेसिसवर हलक्या हातोडीने टकटक करत पुढून मागे जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले तर तो भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो. वरून लांबी भरून रंग मारणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय. वेल्डिंगआधी बॅटरी सोडावी आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. चेसिस नंबर कोरलेली जागा घासायची नाही, कारण आरटीओत त्याची पेन्सिल छाप घेतात. तो पुसट झाला की गाडी कितीही चांगली झाली तरी अडते.

नवखा माणूस इथून थेट इंजिनाकडे धावतो. आधी ब्रेक झाले पाहिजेत. गाडी चालू झाली की ती थांबवावी लागतेच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून जंगलेले असतात, रबरी कप कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे जुने पूर्ण काढून टाकावे आणि डॉट-३ नवे भरावे. इंजिन ऑइल ब्रेकमध्ये घालण्याची खोड काही ठिकाणी आहे. त्याने रबर फुगते आणि चाके जाम होतात. किंगपिन, स्टिअरिंगचे जोड आणि कमानींचे बुशही याच वेळी तपासावेत.

बंद पडलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी सेल्फ मारू नये. डिझेल इंजिनाचे हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवावे. अडले तर जोर करू नये. अडलेल्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. हाताने मोकळे फिरले की जुने डिझेल आणि दोन्ही फिल्टर बदलावेत, ऑइल बदलावे. त्यानंतरही इंजिन धरत नसेल तर बहुधा कारण हवा असते. डिझेल फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करून हाताचा पंप मारत राहावे. आधी फेसाळ डिझेल बुडबुड्यांसह येते, मग फुटक्या धारा, मग सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. त्यानंतर नोझलचे नट थोडे ढिले करून तसेच करावे. पंप आणि नोझल मात्र स्वतः खोलू नयेत. ते कॅलिब्रेशनच्या मशीनवरच तपासावे लागतात. काळा धूर, ऑइल पिणे, कॉम्प्रेशन कमी अशी लक्षणे एकदम दिसली तरच इंजिन उतरवून बोअर, पिस्टन आणि क्रँकचे काम लेथवाल्याकडे द्यावे. तो सगळ्यांत मोठा खर्च असतो.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून रेडिएटर हा फुटकळ भाग नव्हे. खाऱ्या पाण्याने त्याच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये क्षारांचा थर बसतो. रेडिएटर उघडून नळ्या मोकळ्या करून घ्याव्यात, थर्मोस्टॅट आणि होज नवे घालावेत आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलेच कूलंट वापरावे. कित्येक गाड्यांतून थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. तो परत बसवावा, कारण इंजिन थंड चालले तर डिझेल जास्त जळते.

वायरिंग उंदरांनी खाल्लेले असेल तर जोडत बसू नये. नवीन हार्नेस टाकून प्रत्येक सर्किटला फ्यूज द्यावा.

पत्राकाम आणि रंग शेवटी. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने रंग पांढरट पडतो, मे महिन्यात धूळ चिकटते. त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस बरे. त्याच काळात कपाशीची वेचणी असते, तेव्हा कामाची आखणी आधीच करून ठेवावी. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीला जीपची अख्खी नवी बॉडी तयार मिळते. ती स्वस्त पडते, पण घरच्या गाडीचा मूळ पत्रा, मूळ फाळका आणि मूळ मीटर जिथे वाचतो तिथे वाचवावा.

इंजिन खोलले असेल तर पहिले ५०० किलोमीटर रिकामी गाडी चालवावी, त्यानंतर ऑइल बदलून हेडचे बोल्ट मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. ती, पीयूसी आणि विमा हातात आल्याशिवाय गाडीत कापूस भरू नये.