मत बदलणारा इमाम

नवव्या शतकाच्या तोंडावरची गोष्ट. येमेनमधून बेड्या घालून आणलेले काही कैदी खलिफा हारून अल-रशीदपुढे उभे करण्यात आले. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वाचलेल्यांना भेटलेला तोच हा हारून. आरोप राजद्रोहाचा होता: पैगंबरांचे जावई अली यांच्या वंशजांच्या बंडाला हे लोक फूस देतात, असा. त्या खटल्यातून सुटले ते तिशी ओलांडलेले एक सरकारी कारभारी होते, मुहंमद इब्न इद्रीस अल-शाफई. दरबारचे नामांकित कायदेपंडित मुहंमद अल-शैबानी यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, असे चरित्रकार सांगतात. सुटल्यावर माणूस गावाकडे पळेल. पण शाफई शैबानींपुढेच शिष्य म्हणून बसले आणि उंटावर लादावे लागेल इतके त्यांचे लिखाण उतरवून घेतले. मग त्याच मतांना खोडून काढायला सुरुवात केली.

शाफईंचा जन्म 767 सालचा, बहुतेक वृत्तांतांनुसार गाझाचा. बगदादमध्ये हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा वारले तेही याच वर्षी. घराणे कुरैश जमातीतले, पैगंबरांच्या भाऊबंदांतले. पण वडील लवकर गेले आणि घरात दारिद्र्य आले. आई पोराला घेऊन मक्केला आली. कागद परवडत नसे. मग जनावरांच्या खांद्याच्या रुंद हाडांवर आणि सरकारी कचेरीतून टाकून दिलेल्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलगा लिहून घेई. सातव्या वर्षी कुराण मुखोद्गत, दहाव्या वर्षी मदीनेचे इमाम मालिक यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ पाठ, असेही सांगतात. अशा गोष्टी सगळ्याच थोर विद्वानांच्या चरित्रांत सापडतात. त्या आदराने वाचाव्यात आणि पुढे जावे. हाडांची गोष्ट मात्र खरी वाटते, कारण तिच्यात मोठेपणा मिरवण्यासारखे काही नाही.

अस्सल अरबी भाषा शिकायला ते वाळवंटातल्या हुधैल टोळीत राहिले. तिथली कविता त्यांना इतकी अवगत झाली की पुढे भाषापंडितही त्यांच्याकडे येत. तिरंदाजीचाही नाद होता. मग मदीनेला जाऊन त्यांनी खुद्द मालिक यांच्यापुढे ‘मुवत्ता’ वाचला आणि 795 मध्ये मालिक वारले तोवर त्यांचे शिष्यत्व मानले. त्यानंतर पोटासाठी येमेनमधली नोकरी आणि तिच्यापायी त्या बेड्या.

शाफईंचे खरे काम समजायला त्या काळातला झगडा पाहावा लागतो. इस्लामी राज्य स्पेनच्या टोकापासून सिंधपर्यंत पसरले होते. रोज नवे प्रश्न उठत: व्यापाराचे, वारशाचे, घटस्फोटाचे. मदीनेचे विद्वान म्हणत, पैगंबरांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आले तेच प्रमाण. इराकमधल्या कूफ्याचे विद्वान तर्क लढवत आणि प्रसंगी ‘हेच अधिक योग्य वाटते’ म्हणून निवाडा देत. शाफई मालिकांकडे आणि कूफ्याच्या वळणाच्या शैबानींकडे, असे दोन्हीकडे शिकले होते, म्हणून दोन्हीकडची दुखरी जागा त्यांना ठाऊक होती. मदीनेवाल्यांना त्यांनी विचारले, गावाची चाल म्हणजे पैगंबरांचा शब्द कसा? कूफेवाल्यांना विचारले, तुम्हाला योग्य वाटते याला पुरावा काय?

‘रिसाला’ या ग्रंथात त्यांनी उत्तराची वाट आखून दिली. आधी कुराण, मग खात्रीलायक परंपरेने आलेली पैगंबरांची सुन्नत म्हणजे त्यांचे आचरण व शब्द, मग समाजाचे एकमत म्हणजे इज्मा, आणि शेवटी कियास: जिथे थेट आदेश नाही तिथे आदेश असलेल्या तशाच प्रकरणाशी ताडून काढलेला निष्कर्ष. लहरीला जागा नाही. यातला त्यांचा एक दाखला मला फार आवडतो. काबा समोर असेल तर नमाजाची दिशा शोधावी लागत नाही. पण दूरच्या माणसाने काय करावे? तारे, डोंगर, वारा पाहून दिशा ठरवावी. दोघांनी प्रामाणिकपणे शोधले आणि दोन वेगळ्या दिशा निघाल्या, तर ज्याने त्याने आपल्या शोधाप्रमाणे उभे राहावे. दोघांचेही कर्तव्य पार पडले. धर्मशास्त्राच्या ग्रंथात मतभेदाला इतकी ऐसपैस जागा पाहून आजही नवल वाटते.

814 च्या सुमारास ते इजिप्तला गेले आणि फुस्तातमधल्या अम्र इब्न अल-आस मशिदीत शिकवू लागले. तिथे आधी बगदादमध्ये मांडलेली आपलीच मते त्यांनी पुन्हा तपासली आणि कितीतरी बदलली. शाफई परंपरा आजही ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ अशी दोन्ही नोंदवते. इजिप्तच्या चालीरीती वेगळ्या, म्हणून मते बदलली, असे सोपे कारण सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. नव्या हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदी आणि नवे प्रतिवादी भेटल्यावर फेरविचार करणे हा त्यांचा स्वभावच होता.

जानेवारी 820 मध्ये, चौपन्नाव्या वर्षी ते वारले. ग्रंथ टिकले ते प्रामुख्याने रबी इब्न सुलैमान या शिष्यामुळे. हा त्याच मशिदीत अजान देणारा. ‘रिसाला’ आणि ‘अल-उम्म’ त्याच्याकरवी पुढच्या पिढ्यांना मिळाले. शाफईंची गादी चालवणारे अल-बुवैती मात्र ‘कुराण निर्मिलेले आहे’ या खलिफाच्या मताला मान तुकवायला नकार देऊन बगदादच्या तुरुंगात मेले. शाफईंच्या कबरीवरचा भव्य घुमट 1211 चा, अय्यूबी सुलतान अल-कामिलने बांधलेला. कैरोचे लोक आजवर तिथे इमामांना उद्देशून चिठ्ठ्या टाकत आले आहेत. त्यांत तक्रारी असतात, न्यायाची मागणी असते.

शाफईंच्या मतांवर उभ्या राहिलेल्या पंथाचा प्रवास पुढे बराचसा समुद्रावरून झाला. येमेन आणि इराणी आखातातल्या व्यापाऱ्यांबरोबर तो पूर्व आफ्रिका, मलबार, इंडोनेशिया आणि आपल्या कोकणात पोचला. 916 च्या सुमारास आलेला प्रवासी मसूदी चौलमध्ये सुमारे 10 हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक होते. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431), ज्यांचा उरूस मुंबई पोलीस मानाने साजरा करतात, तेही शाफई पंडित आणि कुराणाचे भाष्यकार. कोकणी मुसलमान आजही शाफई आहेत, तर देशावरचे बहुतांश हनफी, कारण तिकडे इस्लाम मुख्यतः उत्तरेतून खुष्कीच्या मार्गाने आला. फरक जेवणाच्या ताटातही दिसतो. समुद्रातले जवळजवळ सगळे शाफईंना चालते. हनफींना फक्त मासे, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांचे विद्वान अजून वाद घालतात. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची वेळ शाफई मताने वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी वाढली की सुरू होते, प्रचलित हनफी मताने दुप्पट वाढल्यावर. त्यामुळे जिथे दोन्ही पंथांच्या मशिदी आहेत तिथे तिसऱ्या प्रहरची बांग वेगवेगळ्या वेळी ऐकू येऊ शकते, आणि इमाम शाफईंच्या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या नमाजींचे कर्तव्य पार पडलेले असते.