निदान बदलते तेव्हा

‘काल मलेरियाची शंका सांगितलीत, आज लेप्टो म्हणता, मग कालचे उपचार चुकलेच का?’ असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस पावसाळ्यात हटकून विचारतात. त्यामागील काळजी आम्ही जाणतो. म्हणून डॉक्टर निदानापर्यंत कसे पोहोचतात, याविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात आर्थर एल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाची भूमिका शिकवलेल्या नटांना डॉक्टरांसमोर बसवून तपासणीचे चित्रीकरण करण्यात आले. नंतर तेच चित्रण डॉक्टरांना दाखवून ‘या क्षणी आपल्या मनात काय चालले होते?’ असे विचारण्यात आले. सर्व माहिती गोळा झाल्यावरच डॉक्टर विचार करू लागतात, ही समजूत त्यातून खोटी ठरली. पहिल्या काही मिनिटांतच मनात मोजक्या शक्यता उभ्या राहतात आणि पुढचे प्रश्न त्यांच्याच पडताळणीसाठी असतात. नावाजलेले डॉक्टर आणि इतर, दोघांचीही रीत हीच. एका आजारात अचूक ठरलेला डॉक्टर दुसऱ्यात चाचपडू शकतो, हेही तेव्हाच दिसले.

या रीतीत एक धोका आहे. पहिली शक्यता मनात घर करते आणि तिच्याशी न जुळणारी खूण नजरेआड होते. म्हणूनच नवा पुरावा येताच निदान बदलणारा डॉक्टर आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. कालचे उपचार चुकले होते का? कधी कधी, होय. पुष्कळदा मात्र कालच्या माहितीवर तेच योग्य असतात.

इंग्लंडमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातील ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचे निदान डॉक्टरांची चिठ्ठी व रुग्णाची हकीकत यांवरूनच बरोबर झाले होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हा ‘पुराच्या पाण्यातून चालत गेला होतात का?’ हा साधा प्रश्न किती मोलाचा आहे, हे सर्वांना उमगले.

तेव्हा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला, तरी कृपया पुन्हा उत्तर द्यावे. पायावरची जखम, गावाचा प्रवास, घरी घेतलेला काढा, दुसरीकडून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे, काहीही किरकोळ समजून मागे ठेवू नये.