फारकतीचा कागद आणि फुकटचा वकील

गोंदिया जिल्ह्यात संसार मोडला की पहिली धाव न्यायालयाकडे असतेच असे नाही. गावातले चार जाणते बसतात, दागिने-भांडी कोणी न्यायची ते ठरते आणि स्टॅम्पपेपरवर फारकती लिहिली जाते. दोघे राजीखुशीने वेगळे होत आहेत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, असा मजकूर. खाली सह्या, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. कागद रुबाबदार दिसतो, पण बहुतेकांच्या बाबतीत तो घटस्फोट नसतोच.

हिंदू विवाह कायदा 1955चा. तो बौद्धांनाही लागू आहे आणि त्याखालचा घटस्फोट न्यायालयच देते. जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर कलम 29 तिला मान देते, मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हेच बजावले. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतल्या गोंड, हलबा कुटुंबांची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांचा व्यवहार रूढीने चालतो. बाकीच्यांनी मात्र नुसत्या शिक्क्याच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरते, आणि दुसरी बायको पत्नीच्या हक्काला मुकू शकते.

हा गुंता पैसे न मोजता समजावून सांगणारे सरकारी ठिकाण म्हणजे गोंदियाचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, रोजचा कारभार न्यायाधीश दर्जाच्या सचिवाकडे, आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या. ज्या कायद्यावर हे प्राधिकरण उभे आहे तो 1987चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी.

त्याच्या कलम 12मध्ये एक गोष्ट आहे जी गावोगाव भिंतीवर रंगवायला हवी: बाईला उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा बंगला असो की बापाची दहा एकर धानाची शेती, मोफत वकिलावर तिचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषालाही ही अट नाही. इतर बहुतेक पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर कार्यालयातली माणसे किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. आधार कार्ड, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले सोबत असले की काम सोपे जाते.

‘फुकटचा वकील काय लढणार’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. पॅनेलवरचा वकील त्याच न्यायालयात एरवी फी घेऊन उभा राहणारा असतो. त्याचे मानधन प्राधिकरण देते, पक्षकाराकडून पैसे घ्यायला त्याला मनाई आहे. मानधन तुटपुंजे असते आणि सगळे सारख्याच तळमळीने काम करत नाहीत, हेही खरे. तो तारखेला येतच नसेल तर मुकाट बसू नये; सचिवांकडे अर्ज करून वकील बदलून मागता येतो.

या जिल्ह्याची सोयरीक दोन राज्यांच्या सीमा ओलांडते. बालाघाटला दिलेली लेक, राजनांदगावहून आणलेली सून, यात कोणाला नवल वाटत नाही. लग्न सासरी लागले, संसार तिकडेच झाला आणि नवराही तिकडेच राहत असला, तर पूर्वी घटस्फोटासाठी बाईला त्याच गावचे न्यायालय गाठावे लागे. 2003च्या दुरुस्तीने हे बदलले. आता ती जिथे राहते तिथे, म्हणजे माहेरच्या न्यायालयात, अर्ज करू शकते. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही तिथेच चालतो.

पोटगीच्या खटल्यात गंमत सुरू होते ती नवऱ्याच्या कमाईपाशी. ‘मी बेरोजगार, सातबारा बापाच्या नावावर’ हे ठरलेले उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020च्या निकालात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. म्हणून आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकल्याची पावती, बँकेचे पासबुक, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता असले कागद इथे भाषणबाजीपेक्षा कामाला येतात. घर सोडताना बाईने साडीआधी यांची झेरॉक्स उचलावी, असे माझे मत आहे.

समेटाची वाटही आहे. मध्यस्थीने पुष्कळ प्रकरणे मिटतात. राष्ट्रीय लोकअदालतीत घटस्फोट वगळता कौटुंबिक वाद घेतले जातात. तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून वाचून सही करावी. दोघांच्या संमतीने घटस्फोट हवा असेल तर एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. त्यापुढचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, हे 2017 साली स्पष्ट झाले.

या यंत्रणेचा खरा कच्चा दुवा निकालानंतर दिसतो. पोटगीचा हुकूम होतो, पैसे येत नाहीत. नवरा हैदराबादला मजुरीला गेलेला, वॉरंट गावात फिरून परत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 125, जे 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले, त्याखाली थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. देईल उद्या-परवा, या आशेवर वर्ष उलटले की त्या रकमेचे वॉरंट या कलमाखाली निघत नाही. वसुलीच्या या अर्जासाठीही प्राधिकरणाचा वकील मिळतो.

विधी सेवेचा मोफत फोन क्रमांक 15100 आहे. फारकतीच्या कागदावर सही करायची वेळ आली, तर सहीआधी तो कागद गोंदियाच्या कार्यालयात किंवा तालुका समितीत एकदा दाखवून घ्या.