राजापूरचा कातळ चढायचा नसतो

दोर आणि हेल्मेट घेऊन राजापूरला सुट्टी काढायची, असं ठरवणाऱ्यांच्या मनात एक हिशोब असतो: कोकणात कातळ, म्हणजे प्रस्तरारोहण आलंच. कातळ आहे, तालुकाभर आहे. पण तो बहुतेक आडवा आहे. त्याला सडा म्हणतात.

दुसरा गैरसमज दगडाबद्दलचा. सह्याद्रीचे कडे बेसॉल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून बनलेले. सड्यावरचा जांभा त्यानंतरचा. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी मूळ खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं. मागे राहिला लोह आणि ॲल्युमिनियम धरून बसलेला, भोकाभोकांचा तांबडा दगड. त्याचं वरचं कवच टणक, आतला भाग मऊ. म्हणून तर खाणीत चिरे कापता येतात आणि हवा लागली की ते कडक होतात. घर बांधायला याहून सोयीचा दगड नाही. चढाईत मात्र धरलेला कंगोरा हातात येतो, आणि आत ठोकलेला बोल्ट माणसाचा भार पेलेल याचा भरवसा नसतो. चिरेखाणीची सरळसोट भिंत पाहून मोह होतो, पण तिथेही तेच.

उभा बेसॉल्ट हवा असेल तर पूर्वेला, अणुस्कुरा घाटाच्या अंगाला जावं लागतं. तोही आयता नाही: पावसानंतर वाढलेलं गवत, घसारा, सुटे दगड आणि कपारीतली आग्या मोहोळं. मोहोळ उठलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. त्यामुळे हे काम अनुभवी संघाबरोबर, पाऊस सरल्यावर, कड्याची आधी नीट पाहणी करूनच करायचं.

‘आम्ही धबधब्यात रॅपलिंग केलंय, चढाई जमेल’ असंही सर्रास ऐकू येतं. रॅपलिंग म्हणजे बांधलेल्या दोरावरून उतरणं. आघाडीचा चढणारा वर जाताना दोर त्याच्या खाली असतो; तो पडला तर शेवटच्या आधाराच्याही खाली जातो. तो झटका शोषण्यासाठी ताणला जाणारा दोर लागतो आणि खाली बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, जागा माणूस. साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारने 2021 मध्ये धोरण आणलं, त्यात आयोजकांना नोंदणीची अट आहे. पैसे भरण्याआधी ती नोंदणी विचारावी, लाजू नये.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे सडा ही ओसाड, कुणाची नसलेली जागा. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. त्यांवर कातळशिल्पं आहेत: बारसूला दोन वाघांमधला माणूस, कशेळीला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी. ही दोन्ही ठिकाणं, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे यांच्यासह, 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोरीव रेषा उथळ आहेत. गाडीची चाकं किंवा खडूने रेषा भरून फोटो काढायची हौस त्यांना पुरेशी घातक ठरते.

राजापूरच्या कातळावर, माझ्या मते, चालावं. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, कारण तिरप्या उजेडातच खोदकाम उठून दिसतं. भर दुपारी समोरचा हत्तीही सापडत नाही. गावात विचारून, वाटाड्या घेऊन निघा. पाणी बरोबर ठेवा, सड्यावर सावलीला झाड नाही.