प्रलयाचे सिनेमे: काय बघावं, काय खरं मानू नये

भूकंप, त्सुनामी, साथीचे रोग यांवरचे सिनेमे मला मनापासून आवडतात. आपत्तीबद्दलच्या आपल्या पुष्कळशा कल्पना याच सिनेमांतून आलेल्या असतात. म्हणून कुठला सिनेमा बघा हे सांगताना त्यातलं काय खरं मानू नका, हेही सांगायला हवं.

गैरसमज: मोठ्या भूकंपात जमीन दुभंगते आणि माणसं गिळते.

वस्तुस्थिती: 'सॅन अँड्रियास' (२०१५) थरारक आहे, जरूर बघा. पण सिनेमाला ज्यावरून नाव मिळालं त्या सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे खडकांतल्या भेगेवर, जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत आडवे सरकतात, तिथे दरी पडत नाही. सिनेमातला ९.६ तीव्रतेचा धक्काही या भ्रंशाच्या आवाक्याबाहेरचा आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप सुमारे ७.९ तीव्रतेचा होता. माणसं मरतात ती कोसळणाऱ्या बांधकामांखाली. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं लोकांच्या अंगावर आली.

गैरसमज: त्सुनामी म्हणजे एकच उंच लाट, ती ओसरली की सुटलो.

वस्तुस्थिती: लाटा एकामागून एक येतात आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असं नाही. २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये सापडलेल्या एका स्पॅनिश कुटुंबाच्या अनुभवावरचा 'द इम्पॉसिबल' (२०१२) हे चोख दाखवतो. पहिल्या लोंढ्यातून कशीबशी वर आलेली आई आणि मुलगा दुसऱ्या लोंढ्यात पुन्हा ओढले जातात. पाण्याबरोबर वाहून येणारी झाडं, गाड्या, पत्रे माणसाला कसे फाडतात, तेही त्यात दिसतं.

त्सुनामीला समुद्रतळाचा भूकंपच लागतो असंही नाही. नॉर्वेच्या 'द वेव्ह' (२०१५) मध्ये डोंगराचा कडा फ्योर्डमध्ये कोसळतो आणि गायरांगर गावाला पळायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. ओकनेस नावाचा तो डोंगर खरा आहे, त्याची भेग खरोखर रुंदावते आहे आणि तिच्यावर उपकरणांनी सतत नजर ठेवली जाते. १९३४ साली जवळच्याच ताफ्योर्डमध्ये असाच कडा कोसळून ४० माणसं गेली होती.

साथीवरच्या 'कंटेजन' (२०११) ने कोरोनाचं भाकीत केलं होतं, असं २०२० मध्ये खूप जण म्हणाले. भाकीत कसलं, तो अभ्यास होता. सिनेमातला विषाणू निपाहवरून बेतलेला होता आणि विषाणुतज्ज्ञ इयान लिपकिन सल्लागार होते.

सगळ्यांत घातक गैरसमज मात्र माणसांबद्दलचा आहे: संकट आलं की लोक सैरावैरा पळतात, एकमेकांना तुडवतात, लुटतात. हॉलिवूडचं हे ठरलेलं दृश्य. एन्रिको क्वारंटेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी अनेक दशकं प्रत्यक्ष आपत्तींचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी उलट चित्र दिसलं. सरकारी पथकं पोचण्याआधी शेजारीपाजारीच मदतीला धावतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी माणसांना रात्रभर घरात ठेवून घेतलं. आपत्तीत अफवा आणि लूट अजिबात नसते असं नाही, पण लोक बिथरतील या भीतीने अधिकाऱ्यांनी माहिती दडवली तर सुटकेचा वेळ फुकट जातो.

संकटात माणसं एकमेकांना सावरतात, हे सत्य मला सर्वांत ठसठशीत दिसलं ते ज्यूड अँथनी जोसेफ यांच्या '२०१८' (२०२३) या मल्याळम सिनेमात. केरळच्या २०१८ मधल्या महापुरात मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून बुडालेल्या गावांत घेऊन गेले, हे खरंच घडलेलं आहे. यांतला एकच बघायला वेळ असेल तर हा बघा, आणि शक्यतो मूळ मल्याळममधून.